हातातली सायकल

"यांच्या हातातली सायकल तेवढी कुणी काढून घेऊ नका गं माय."

आत्या असं म्हणाल्या तेव्हा त्या परभणीच्या दवाखान्यात शेवटच्या आजारात होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, विमलाबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मी माझ्या लेकीला, सृष्टीला, मांडीवर दाबून बसले होते. तिचे हात सारखे सलाइनच्या नळीकडे जात होते, आणि माझं निम्मं लक्ष खाटेखाली कुठे सुई पडलीय का याच्यावर. "कोण घेतंय सायकल, आत्या? तुम्ही पडा बघू," मी म्हटलं. नवरा, मुलगा, घर सगळं मागे ठेवून निघालेल्या बाईला शेवटी सायकल आठवावी याचं मला नवल वाटलं. म्हातारपणी माणसांचा जीव कशातही अडकतो, असं मनाशी म्हणून मी विषय सोडून दिला.

त्या गेल्यावर मामांना, म्हणजे नागोरावांना, आम्ही हडपसरला आमच्या फ्लॅटवर आणलं. ते एकाच अटीवर आले. सायकल बरोबर येणार. काळी, डबल नळीची, मागे रुंद कॅरिअर, आणि पुढच्या दांडीवर त्यांच्या मुलाला लहानपणी बसवायचे ती छोटी सीट अजून तशीच. तो मुलगा म्हणजे माझा नवरा सुदर्शन. टेम्पोत सायकल बांधताना तो म्हणाला, "बाबा, पुण्यात हिला म्युझियमवाले मागतील."

"मागू दे की. देणार कोण हाय?"

पार्किंगमध्ये आमच्या स्कूटरमागे ती भिंतीशी उभी राहिली. थोड्याच दिवसांत नोटीस बोर्डावर कागद लागला: 'पार्किंग वाहनांसाठी आहे. जी सायकल कोणी चालवत नाही ती कशासाठी उभी आहे, हे संबंधितांनी एकदा स्वतःला विचारावे.' खाली सेक्रेटरी श्रीधररावांची सही. मामांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "अक्षर बरं हाय."

चालवत नाही, हे मात्र खरं होतं. मामा सायकलीवर कधीच बसायचे नाहीत. सकाळी सृष्टीला त्या छोट्या सीटवर बसवून कोपऱ्यावरच्या स्कूल व्हॅनपर्यंत न्यायचे, ते सायकल हातात धरून. तिथून मंडईत. परत येताना हँडलला दोन्हीकडे पिशव्या, कॅरिअरला कोथिंबीर, आणि मामा शेजारून चालताहेत. मी बाल्कनीत उभी राहून सृष्टी दिसेनाशी होईपर्यंत बघायचे, आणि मग मामा दिसायला लागेपर्यंत. बघत राहणं ही माझी खोडच आहे. सुदर्शन म्हणतो, सोसायटीने सीसीटीव्हीवर उगाच खर्च केला.

"मामा, येताना तरी बसून या की," मी एकदा म्हटलं.

"ह्या ट्रॅफिकमदी बसतंय कोण, प्रियदर्शनी? ती संगट असली म्हंजे बरं असतंय."

मग एकदा सायकल टायर बदलायला दुकानात राहिली होती. लिफ्टमधून बाहेर पडून मामा घराकडे येत होते, आणि मी दारातून पाहिलं की ते भिंतीवर तळवा टेकवत येताहेत. भिंत संपली तिथे थांबले. समोर चार पावलांवर आमचं दार, आणि माणूस ओढ्याच्या काठाशी उभा राहावा तसा उभा.

मी हात दिला. "चक्कर येते का?"

"चक्कर न्हाई. पायाला जिमीन लागंना. साखरेनं तळवे मेलेत म्हणत्यात. कापसावर चालल्यावाणी वाटतंय." घरात येऊन बसल्यावर त्यांनी आवाज खाली केला. "सायकल धरली की हाताला कळती जिमीन. खड्डा हाय का, उतार हाय का, सगळं हँडलात येतंय. तुझ्या सासूला तेवढं म्हाईत होतं."

"मग काठी घेऊ या ना, मामा."

"काठी धरली की म्हातारा. सायकल धरली की पंक्चर." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते खूप हसले.

तेव्हा मला आत्यांचं वाक्य कळलं.

आता सुदर्शनचं. त्याच्या कंपनीचं काम सगळं अमेरिकेचं. तिकडे वर्षभर राहून आलेला त्याच्या टीममधला इमाद येताना एक खेळ घेऊन आला, डिस्क गोल्फ. ताटलीपेक्षा लहान, कडक प्लॅस्टिकच्या चकत्या लांबून फेकायच्या. मैदानात लोखंडी खांब, खांबाला वरून लोंबणाऱ्या साखळ्या आणि खाली टोपली. चकती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली पाहिजे. ऑफिसच्या मागे, जिथे पुढची इमारत उठायची आहे त्या मोकळ्या रानात, कंपनीने असे खांब रोवून दिले. लांबच्या फेकीची चकती वेगळी, जवळची वेगळी, वाऱ्यातली वेगळी. घरात त्यांची चळत वाढत गेली तेव्हा मामा म्हणाले, "एवढ्या ताटल्या? पंगत हाय का?"

"बाबा, एकेका ताटलीचं काम वेगळं असतं."

"व्हय व्हय. आमच्यात वरण आन् भात येकाच ताटलीत असतंय, म्हणून इचारलं."

तिथवर सगळं गमतीचं होतं. मग सुदर्शनने कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलं की परदेशात लोक जुन्या सायकली खास या सामानासाठी बनवून घेतात. मैदान लांबलचक, गाडी आत नेता येत नाही, चालत सामान वाहायचं तर खांदे दुखतात. आणि आमच्या पार्किंगमध्ये तर अस्सल जुनी सायकल, आयती.

रविवारी सकाळी तो आणि इमाद पाने, स्क्रू ड्रायव्हर, लोखंडी पट्ट्या घेऊन खाली बसले. मी सृष्टीला घेऊन गेले, कारण तिथे खिळे पडलेले असणार आणि ती अनवाणी पळणार, हे मला माहीत होतं. मामा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते.

इमादने पाना उचलण्याआधी विचारलं, "बाबांची आहे ना ही? त्यांना लागत नाही?"

"पडून आहे रे. कधी बसलेलं बघितलं नाही मी त्यांना."

इमाद मामांकडे वळला. "काका, चालेल ना?"

मामांनी मान हलवली. "घ्या, घ्या. पडूनच हाय."

मी सुदर्शनला जिन्यात ओढून नेलं. सगळं सांगितलं. तळवे, भिंत, हँडल, आत्या. त्याने ऐकून घेतलं, ऑफिसमध्ये ऐकतात तसं. "अगं, मग हे मेडिकल आहे. त्याला सायकल हा उपाय आहे का? मी त्यांना चांगली चार पायांची काठी आणतो. सेफ."

"ते काठी धरणार नाहीत."

"तू प्रत्येक गोष्टीत काही तरी शोधत असतेस. सृष्टीला शिंक आली तरी तू गूगल करतेस. विचार त्यांनाच, तुझ्यासमोर हो म्हणाले ना?"

हो म्हणाले होते, माझ्यासमोर. मुलाच्या मित्रापुढे, पाय मेलेत म्हणून सायकल ठेव, असं नागोराव कुठल्या तोंडाने म्हणणार? हे मला कळतं आणि पोटच्या पोराला कळत नाही, याचा मला त्या जिन्यात फार राग आला.

संध्याकाळपर्यंत सायकल बदलली. रुंद वळणाचं जुनं हँडल गेलं, सरळ आखूड बसलं. सळईचे ब्रेक गेले. दुहेरी स्टँड जाऊन एका बाजूला टेकणारा आला. दांडीवरची छोटी सीट निघाली आणि तिथे घडीची खुर्ची अडकवायची सोय झाली. कॅरिअरला छत्रीसाठी पाइप लागला. आणि पुढे, हँडललाच, लोखंडी पट्ट्यांची चौकट बसली. तिच्यात चकत्यांची जड बॅग, म्हणजे चालवता चालवता हात घालून हवी ती काढता येते. मामांनी नट गोळा करून वाटीत ठेवले. छोटी सीट उचलून घरी आणली आणि आपल्या खाटेखाली सरकवली.

सोसायटी खूश. श्रीधरराव मुद्दाम बघायला आले. "वा! जुन्याचं सोनं केलंत. आजची पिढी कल्पक आहे बरं का, नागोराव." त्यांनी स्वतः फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ती सायकल कशासाठी उभी आहे हे पुन्हा कुणी विचारलं नाही. आठवड्याचे सहा दिवस ती आता खरोखरच उभी असायची.

काठी आली. चार पायांची, राखाडी, दवाखान्यातल्यासारखी. मामांनी तिच्यावर टॉवेल वाळत घातला.

मंडईला जाणं बंद झालं. विचारलं की गुडघ्याचं कारण. सृष्टीला व्हॅनपर्यंत मी न्यायला लागले. तेव्हाच मला दुसरं राहिलं होतं, उलट्यांनी जीव जायचा, आणि जाता-येता ती विचारायची, "आजोबा का नाही येत?" मामा गॅलरीत बसून राहायचे. फार तर संडासापर्यंत, भिंतीला धरून. त्या भिंतीवर हाताच्या उंचीला मळकट पट्टा उठला. सुदर्शन म्हणाला, रंग द्यायला हवा.

मी रोज बघत होते. पण मंगळवारी माझी तपासणी होती.

परत आले तर पार्किंगच्या उतारावर रंगीबेरंगी चकत्या पसरलेल्या. लाल, पिवळ्या, एक अजून कडेला कलंडत होती. खाली सायकल आणि तिच्याखाली मामा. त्यांनी सृष्टीची व्हॅन यायच्या वेळेला सायकल बाहेर काढली होती. खाटेखालची छोटी सीट सुतळीने दांडीला बांधली होती, गाठी घट्ट मारून. बॅग काढून ठेवायची हे त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा ती निघाली नसेल. उतारावर हँडल जरासं वळलं आणि पुढचं वजन त्यांना घेऊनच गेलं. इतकी वर्षं हातात असलेल्या सायकलीने त्यांना त्या दिवशी जमीन सांगितली नाही.

खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या पायरीवर लोक भेटायला यायचे आणि सुदर्शन प्रत्येकाला सांगायचा, "सायकलवरून पडले. या वयात सायकल चालवायची हौस. ऐकतात कुठे?"

"हट्टीच असतात हो," श्रीधरराव म्हणाले.

मी तिथेच होते. "ते चालवत नव्हते," मी म्हटलं. "हातात धरून चालत होते."

सुदर्शनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिची तब्येत सध्या नाजूक आहे," तो श्रीधररावांना म्हणाला. आता परभणीच्या नातेवाइकांपासून लिफ्टमधल्या बायकांपर्यंत सगळ्यांना हेच माहीत आहे, की नागोराव म्हातारपणी सायकल चालवायला गेले आणि पडले.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू उभं करा, चालवा, नाही तर कायमचे आडवे होतील. माझ्या अंगावरून रक्त जायला लागलं होतं, मला डॉक्टरांनी झोपून राहायला लावलं. मग सुदर्शनने मामांना लोणी काळभोरला वृद्धांच्या एका केंद्रात ठेवलं. तिथे सगळं आहे, म्हणतो. पहिले काही रविवार तो गेला. आता रविवारी स्पर्धा असतात.

मी फोन करते. तिथल्या बाई म्हणतात, "जेवत्यात चांगले. पर उभं राहायला मागत न्हाईत. वॉकर दिला की त्वांड फिरवत्यात."

"त्यांना सायकल द्या ना हातात," मी एकदा म्हटलं.

बाई हसल्या. "मॅडम, सायकलवरनंच पडलेत ना वो ते?"

सुदर्शनला म्हटलं, तीच नेऊन दे, जुनं हँडल लावून. तो म्हणाला, "आता ती पूर्ण सेट झालीय गं. आणि डोकं ठिकाणावर आहे का तुझं? परत सायकल?"

मला अजून दोन महिने या पलंगावरून उठायचं नाही. इथून बाल्कनीतलं फक्त आकाश दिसतं. म्हणून तुम्हाला सांगते. सोलापूर रस्त्याने तुमचं जाणं-येणं असेल तर लोणी काळभोरला वळा. कॉलेजच्या पुढे निळ्या फाटकाचं बैठं घर आहे, तिथे नागोराव कुठे असतात ते विचारा. कसे पडलात, हे विचारू नका. ते तुम्हालाही सांगतील की सायकलीवर बसलो होतो, पडलो. जाताना जमलं तर एक सायकल घेऊन जा. कुणाचीही चालेल, जुनी, जड, पुढे काही लटकवलेलं नको. त्यांच्या खाटेजवळ उभी करा, म्हणा, काका, जरा धरता का, पंक्चर आहे. आणि ते उठून धरतात का, तेवढं बघून मला कळवा.