भाड्याचा कोट आणि मंगळवारचा फोन

मी भाड्याचा ओव्हरकोट बोलतोय. गोडगोड ऐकायची सवय असेल तर इथेच थांबा. माणसांबद्दल चांगलं सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

एका मोठ्या शिवणकारखान्यात तीनशे जणांच्या गठ्ठ्यात माझा जन्म झाला. जाड तपकिरी कापड, आत कापसाचं अस्तर, पुढे सहा मोठी बटणं. वाटलं होतं, एखाद्याच्या कपाटात हँगरवर ऐटीत राहीन. नशिबी आलं डोंगरातल्या बसथांब्यासमोरचं दुकान. तिथे थंडीत बर्फ पडतं आणि बर्फ बघायला माणसं येतात. येताना पातळ स्वेटर घालून येतात, मग कुडकुडत आमच्याकडे धावतात.

दर दोन दिवसांनी नवं अंग. बाहीला नाक पुसतात. खिशात शेंगांची टरफलं कोंबतात. एकदा एका पोराने माझ्यावर ओकारी केली, तर त्याच्या आईने बर्फाने पुसून मला तसंच परत केलं. आणि पुढचा माणूस मला नाकाशी धरून म्हणतो, "शी! काय वास मारतोय हा!" अहो, तो वास तुमचाच आहे. मी काय घरून आणला?

दुकानाची मालकीण फटकळ तोंडाची. तिचं आणि माझं पटतं ते त्यामुळेच. ती हंगामातून एकदा मला धुते आणि धुताना गिऱ्हाइकांचा उद्धार करते.

गेल्या थंडीच्या सुट्टीत तिघी मैत्रिणी दुकानात आल्या. पुढे होती ती दातांची डॉक्टर. बाकीच्यांचे कोट तीच निवडत होती. दुसरी बँकेत नोकरीला, प्रत्येक वाक्यानंतर हसणारी. तिसरीचं चष्म्याचं दुकान. ती स्वतः भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची, त्यामुळे बोटांवर बारीक ओरखडे. ती कशातच नव्हती. डॉक्टरणीने मला उचलून तिच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "हा घाल. आणि जरा हस गं, सहलीला आलोय आपण."

चष्मेवालीने मला घातलं. आरशात बघितलंसुद्धा नाही.

मला ती अजिबात आवडली नाही, खरं सांगतो. बर्फात दोघी फोटो काढत होत्या आणि ही माझ्या खिशात हात घालून कुंपणाला टेकून उभी. बर्फ बघायचं नव्हतं तर मला कशाला दमवलं? पण तिघींच्या बोलण्यातून हळूहळू कळत गेलं. सहा महिन्यांपूर्वी तिची आई गेली होती. त्याच आठवड्यात तिने नवऱ्याचं घर सोडलं होतं. आता ती आपल्या दुकानामागच्या खोलीत राहायची, स्टोव्हवर एकटीपुरतं शिजवायची. वसतिगृहापासूनच्या वीस वर्षांच्या मैत्रिणींनी तिला आग्रह करकरून बाहेर काढलं होतं.

म्हटलं, चला, निदान मैत्रिणी तरी बऱ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मतही बदललं. लॉजच्या खोलीत मी दारामागच्या खिळ्याला लटकत होतो. चष्मेवाली आंघोळीला गेली. आतून पाण्याचा आवाज सुरू होताच डॉक्टरीण कुजबुजली, "अकराला पोचतोय तो. वरच्या कँटीनमध्येच ये म्हणून सांगितलंय."

"तिला आधी सांगूया का गं?" बँकवाली म्हणाली. आणि चक्क हसली नाही.

"सांगितलंस तर ती येईल का? समोर आला की विरघळेल. दहा वर्षांचा संसार आहे, असा मोडतात का?"

"पण..."

"तू फक्त गप्प बस. बाकीचं मी बघते."

मी खिळ्यावर लटकून सगळं ऐकलं. कोटाला ऐकून काय करता येतं? आंघोळ करून आलेली बाई ओल्या केसांनी मला अंगात चढवते, तेव्हा तिच्या पाठीला थोडी ऊब देता येते, इतकंच. तेवढी दिली.

कँटीन डोंगराच्या माथ्यावर. लाकडी बाकं, काचांवर वाफ, मोठ्या किटलीतून चहा. अकराला पाच मिनिटं असताना तो आला. नीटनेटका, नव्या बुटांचा, हातात भली मोठी पिशवी. तिचं लक्ष गेलं. ती वळून मैत्रिणींकडे बघू लागली. बँकवाली कपात बघत होती.

"किती वाळलीस," तो म्हणाला. मग पिशवीतून एक कोट काढला. मऊ लोकर, निळा रंग, किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. "तुझ्यासाठी आणलाय. हे आधी काढ बरं. कुणाकुणाच्या अंगावरचं घालतेस!"

हे म्हणजे मी. खोटं नव्हतं, तरी झोंबलं.

"घाल गं," डॉक्टरीण म्हणाली. "किती प्रेमाने आणलाय त्याने."

त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा तिनेच कधीतरी बनवलेला असावा. त्याची एक काडी वाकली होती. सवयीने तिचा हात तो सरळ करायला उठला, मी त्या हाताबरोबर उचलला गेलो. मग हात अर्ध्यातून परत आला आणि माझ्या खिशात शिरला. मूठ वळलेली.

"फोन किती वाजता आला होता?" तिने विचारलं.

"आता तो विषय कशाला?"

"किती वाजता?"

तो खाली बसला. "सकाळी. साडेसात-आठ."

"कुठल्या वारी?"

"मंगळवारी. माहितीये तुला."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय. माझा मोबाइल दुरुस्तीला होता म्हणून आईच्या शेजारच्या काकूंनी तुला फोन केला. आई अत्यवस्थ आहे, हिला लगेच पाठवा म्हणाल्या. तू काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, निघतोच म्हणून."

"आणि मला गुरुवारी सकाळी सांगितलंस. आई गेल्यावर."

"अगं, बुधवारी साहेब जेवायला येणार होते! बढती अडली होती माझी. तू गेली असतीस तर घरात सगळं कोणी बघितलं असतं? मला काय स्वप्न पडलं होतं आई जातील म्हणून? चुकलं माझं. सहा महिने तेच तर म्हणतोय."

"आई बुधवारी संध्याकाळपर्यंत शुद्धीत होती," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या बाकावरचं कुटुंब खाणं थांबवून बघायला लागलं. "दार वाजलं की विचारायची, आली का? काकू सांगायच्या, गाडीत बसली आहे. मी तेव्हा तुझ्या साहेबांना वाढत होते."

अशा वेळी माणसं चहा पितात, तसा त्याने घोट घेतला. तिची नजर हटेना तेव्हा तो एकदम उसळला. "मी एकट्याने ठरवलं नव्हतं काही! हिला विचारलं होतं मी. डॉक्टर आहे म्हणून."

त्याचं बोट दातांच्या डॉक्टरणीकडे होतं.

डॉक्टरणीचा चेहरा उतरला. "मी... तो लक्षणं सांगत होता फोनवर. मला वाटलं, दोन दिवसांनी गेली तरी चालेल. तेवढंच म्हणाले मी."

"मंगळवारी?"

"हो."

"मंगळवारी दुपारी तू माझ्या दुकानात आली होतीस. लेकीचा चष्मा न्यायला."

"अगं, तो म्हणाला मीच सांगतो तिला. नवरा-बायकोच्या मध्ये मी कशाला..."

"आणि आज कशाला पडलीस मध्ये?"

उत्तर मला ठाऊक होतं. हे दोघे पुन्हा एका छपराखाली गेले असते, की मंगळवारबद्दल कुणी विचारणारं राहिलं नसतं. तिचीही सुटका.

चष्मेवालीने बँकवालीकडे बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

"नंतर कळलं गं मला. दिवसकार्याच्या वेळी." बँकवाली रडायला लागली. "तुझ्या मनाला आणखी त्रास नको म्हणून..."

"सहा महिने," चष्मेवाली म्हणाली. मग माझं वरचं बटण लावलं, गळ्याशी, घट्ट. निळा कोट बाकावर तसाच पडला होता. ती उठली.

नवऱ्याने माझी बाही धरली. "तमाशा करू नकोस. बस खाली."

"सोड. भाड्याचा आहे, फाटेल."

त्याने सोडली. चारचौघांत कोट फाटण्याची भीती त्याला होती, बाकी कसली नव्हती.

चार किलोमीटरचा उतार ती चालत आली. चिखल झालेलं बर्फ, मागून गाड्यांचे हॉर्न. खिशात फोन गुरगुरत होता. एकदाच तिने तो उचलला. बँकवाली होती. "मी तुला सांगायला हवं होतं गं."

"हो. हवं होतं," एवढं म्हणून तिने फोन बंद केला.

लॉजवरून बॅग घेऊन ती दुकानात आली आणि मला काढायला लागली. मालकिणीने तिच्याकडे नीट बघितलं. "दोन दिवसांचं सांगितलं होतंत ना? कुणी हात उचलला का?"

"नाही."

"मग राहू द्या अंगावर. बसच्या खिडक्या लागत नाहीत. घरी पोचल्यावर ड्रायव्हरकडे द्या परत."

बसमध्ये तिसऱ्या वळणावर ती रडली. सहा महिन्यांत प्रथमच असावं, कारण तिला ते धड जमत नव्हतं. माझी बाही तोंडात धरून "आई, आई" करत राहिली. बाही पार भिजली. टरफलं, ओकारी, सगळं सोसलेला मी. तेव्हा मात्र कुरकुरलो नाही.

चार दिवसांनी ड्रायव्हरने मला परत आणलं, धुऊन, इस्त्री करून. एवढी इज्जत मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. आत चिठ्ठी होती. मालकिणीने ती मोठ्याने वाचली: "आभार. कुणी माझी चौकशी केली तर काही सांगू नका." चौकशी झालीच होती. कोट परत करायला आलेली डॉक्टरीण दारात घुटमळत होती म्हणे. मालकीण तिला म्हणाली, "कोट टेकवा इथे आणि निघा."

पुढे चष्मेवालीचं काय झालं, मला माहीत नाही. ती कुठेतरी भिंगं घासत असेल. घासू दे.

आता हंगाम संपलाय. मी डांबराच्या गोळ्या घालून पोत्यात पडलोय. पुढच्या थंडीत तुम्ही याल, मला नाकाशी धराल, नाक मुरडाल. चालेल. नाक पुसा, टरफलं कोंबा, तेही चालेल. पण दुखावलेल्या माणसाला गोड बोलून, काहीतरी लपवून इथवर आणलं असेल, तर कृपा करून शेजारच्या दुकानातून कोट घ्या.