घरातले डोळे

औषधाच्या खोक्यांवरचा मजकूर छापायला जाण्याआधी तपासायचा, हे त्याचं छापखान्यातलं काम. एक म्हणून चूक नजरेतून सुटत नसे, त्यामुळे ऑफिसात त्याला सगळे गरुड म्हणत. घरून काम सुरू झालं आणि वर्षभरातच गरुडाच्या नजरेपुढे धुकं दाटू लागलं. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून बायको पडद्यावरचं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाची आणि तो डोळे मिटून चुका धरी. चार वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

मग हुकूम आला: सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं.

"अहो, सांगून टाका ना साहेबांना."

"सांगितलं तर कायमचं घरी बसवतील."

तो गेला. भिंग खिशात लपवून आणि निम्मं अंदाजाने रेटत त्याने आठ दिवस काढले. नवव्या दिवशी लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं खोकं आलं. साहेब डोक्यावर उभे. त्याने सही ठोकली.

संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता तो म्हणाला, "पंचवीस मिली होतं की अडीच, कोण जाणे. मधलं टिंब असेलच."

बायको जागच्या जागी थिजली. "असेलच म्हणजे? तान्ह्या पोराला पंचवीस पाजतील! लावा फोन."

"उद्या सकाळी बघतो."

तिने त्याच्या खिशातून फोन ओढला आणि स्वतःच साहेबांना लावून त्याच्या डोळ्यांचं सांगून टाकलं. टिंब नव्हतं. छापलेला माल गाडीत चढला होता. फाटकातून माघारी आणला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला समोर बसवलं. "घरी कोण वाचायचं?"

"बायको. चार वर्षांत तिची एक चूक दाखवा, साहेब. मला काढा, पण तिला घ्या."

"तिला नेमलं होतं कुणी?" साहेबांनी राजीनामा पुढे सरकवला आणि सहीच्या जागी त्याचं बोट धरून टेकवलं. त्या बोटाची त्याला जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

चार वर्षांचं सगळं काम ऑफिसने पुन्हा तपासलं. एकही चूक निघाली नाही. हे त्याला जुन्या सोबत्याने फोनवर चोरून सांगितलं, आणि फोन ठेवताना म्हणाला, "आता इकडे फोन करत जाऊ नकोस."

महिन्याभराने बायकोने दुसऱ्या एका छापखान्याचा अर्ज आणला. टेबलाशी बसून ती भरत होती, तो पलंगावरून ऐकत होता. नाव, वय, शिक्षण; पेन भराभर चाललं होतं. मग थांबलं.

"काय विचारलंय?" तो म्हणाला.

"अनुभव."

मग त्याला पान उलटल्याचा आवाज आला. तिने काहीच लिहिलं नव्हतं.