खांब तरंगेपर्यंत

थेल्मा बॅगटने दोराचं एक टोक घाटाच्या लोखंडी शिडीला बांधलं, दुसरं खांद्यावर टाकलं आणि ती चिखलात उतरली. थेम्सला भरती लागली होती. समोर ओकचा खांब आडवा पडला होता. आठशे वर्षं उभा होता, आज पहाटे पाणी उतरताना बोटींच्या लाटांनी उखडला. असेच तीन खांब गेल्या हिवाळ्यात ओहोटीने समुद्राकडे नेले होते.

एकोणीस वर्षं दर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला ती या जुन्या धक्क्याचे खांब मोजायला येई. नुसत्या नजरेने. धक्का कायद्याने संरक्षित, इथलं काही हलवायचं नाही.

"अगं, दोन वेढे मार आणि वर ये," पायरीवरून लेन म्हणाला. जन्मभर या नदीत मालाचे पडाव चालवलेला माणूस. "तो काही तक्रार करणार नाही."

"पडलाय तोवर तो धक्क्याचाच."

"मग दोर कशाला? कपडे वाळत घालायला?"

"पाण्याने उचलला की नदीचा. नदीतलं लाकूड कोणीही बांधावं."

पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा स्मारकांच्या कचेरीतल्या मिसेस अदेयेमी धापा टाकत कठड्याशी पोचल्या. सकाळी थेल्मानेच त्यांना फोन केला होता.

"तरंगला का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

मिसेस अदेयेमींनी क्षणभर खाली पाहिलं. मग नदीकडे पाठ करून त्या पुलावरच्या बसगाड्या बघत उभ्या राहिल्या.

पाणी कमरेला लागलं. खांबाचं एक टोक उचललं गेलं. दुसरं चिखलात रुतलेलंच होतं. थेल्माचे ओठ निळे पडले होते. लेन दोन पायऱ्या खाली आला, आवाज उतरवून म्हणाला, "थेल्मा, ती बघत नाहीये. ओढ."

थेल्माने दोर धरलेला हात पाण्यातून काढून छातीशी घेतला.

"मी बघतेय ना."

लेन दोन पायऱ्या परत वर चढला.

पाणी बरगड्यांपर्यंत चढलं. चिखलातून बुडबुड्यांची माळ वर आली, खांब सावकाश फिरला आणि तिच्या कुशीला येऊन टेकला. तेव्हा कुठे तिने दोर त्याच्याखालून घेतला, दोन वेढे दिले, गाठ दातांनी आवळली.

"तरंगला," ती म्हणाली.

मिसेस अदेयेमी वळल्या. घड्याळात बघून त्यांनी हातातल्या फाईलमध्ये वेळ लिहून घेतली. मग फाईल लेनच्या हातात दिली, बूट काढून कठड्याशी नीट ठेवले आणि थेल्माकडे उतरायला शिडीवर पाय टाकला.