दाराची दातेरी कड

सकाळी सव्वानऊला तिसऱ्या शेडला सील लागलं. लढाऊ विमान आत तसंच राहिलं, पोटाखालचं दार अर्धवट लोंबत. विमानाला रडारपासून लपवणारा लेप चढवणाऱ्या सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं. मोबाइल रोजच फाटकावर जमा होत. आज ते परत मिळणार नाहीत, असं सांगण्यात आलं. त्या दाराची कड कुणीतरी बाहेर दाखवली आहे, एकेकाला आत बोलावू, एवढंच सुरक्षा अधिकारी म्हणाले.

ती कड दाखवली होती लेप तपासनिसानेच. स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, कागदी रुमालाला घड्या घालून.

रविवारी मेहुणा जेवायला आला होता. बायकोचा हा एकुलता एक भाऊ शाळेत चित्रकला शिकवायचा आणि उरलेल्या वेळात विमानांच्या प्रतिकृती करायचा. इंटरनेटवरच्या एका गटात तो रात्रंदिवस वाद घालायचा. रडारपासून लपणं हा सगळा आकाराचा खेळ, असं त्याचं म्हणणं. लहर बाजूला फेकणारे तिरके पृष्ठभाग, इंजिनाची पाती झाकणारी वळणदार हवानळी, हे खरं काम. लेप म्हणजे नुसती पावडर. तपासनीस मान खाली घालून जेवत राहिला. मग मेहुण्याने छापून आलेला फोटो काढला. पोटाखालच्या दाराची कड सरळ दिसत होती. असा सरळ सांधा रडारवर लख्ख चमकणार, तो म्हणाला.

"भाऊजी, एवढं चोरपावलांनी यायचं आणि दारातच घंटा वाजवायची? पण तुम्ही रंगारी लोक काय करणार म्हणा."

बायकोही हसली.

शेडमध्ये एक रीत होती. बाहेरचा कुणी तर्क करू लागला की तोंडात गुळणी धरायची. तर्क चुकला असला तरी 'चूक' म्हणायचं नाही, कारण तेही उत्तरच. नव्या माणसांना ही रीत तपासनीसच शिकवायचा. पण 'रंगारी' शब्द झोंबला. फोटो जुन्या नमुन्याचा आहे, असं तो बोलून गेला आणि रुमालाला दात पाडून दोन कडा एकमेकींत कशा बसतात ते त्याने दाखवलं. बोलणं तिथेच थांबलं. रुमाल मात्र मेहुण्याच्या खिशात गेला.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला. "जिंकलो भाऊजी. सगळ्यांची तोंडं बंद केली." तपासनिसाने त्याला फैलावर घेतलं, गटावर टाकलेला रुमालाचा फोटो लगेच काढायला लावला. काढता काढता मेहुण्याने खालची एकुलती एक प्रतिक्रिया वाचून दाखवली. कुणा अनोळखी माणसाने विचारलं होतं, उन्हात तापल्यावर या दातांच्या खाचांमधलं भरण टिकतं का?

तपासनिसाला रात्रभर डोळा लागला नाही. हीच शंका गेल्या महिन्यात त्याने शेडच्या बैठकीत काढली होती, दार लावून; बाहेरच्या कुणाला ती ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या बैठकीतली माणसं आता त्याच्याभोवती बसून चहा ढवळत होती. भट्टीवाला मिस्त्री आज बोलत नव्हता. रसायनवाल्या बाई फार बोलत होत्या. कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, तेच त्याला कळेना. आपण पकडले जाऊ ही भीती होतीच. पण या खोलीतल्या कुणालातरी आता मेहुणा ठाऊक आहे, ही भीती त्याहून मोठी होती.

नंबर येण्याआधीच तो उठला आणि आत गेला. बायकोच्या भावाला तरी यातून सोडवता येईल, या आशेने त्याने रुमालापासून सगळं सांगितलं. अधिकारी शांतपणे लिहून घेत होते. नोकरी गेली, कदाचित तुरुंगही, हे त्याला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. मग त्याने ती प्रतिक्रिया सांगितली आणि त्यांची लेखणी थांबली.

"त्या गटावर आमचीही माणसं असतात. पण हे विचारणारे आमच्यापैकी नाहीत," ते म्हणाले. "मेहुणे कुठे आहेत आत्ता?"

शाळेत, तो म्हणाला. शाळेत फोन लावला. मास्तर आज आलेच नव्हते. मोबाइल बंद होता. मग बायकोला लावला. ती धावतपळत भावाच्या घरी गेली आणि तिथून तिने फोन केला.

"अहो, दार नुसतं लोटलेलं आहे. चष्मा टेबलावरच आहे त्याचा. चष्म्याशिवाय तो कुठे जातो का?"

संगणक आहे का, तेवढं बघायला अधिकाऱ्यांनी सांगितलं. ती आत जाऊन आली. नव्हता.

शेडचं सील संध्याकाळपर्यंत निघालं नव्हतं. भट्टीवाल्या मिस्त्रीला आणि रसायनवाल्या बाईंनाही घरी सोडलं नव्हतं. मेहुण्याचा मोबाइल बंदच होता.