उथळ पाण्याचा दगड

पाणी कार्यालयाच्या मागच्या भिंतीतला दगड ओंदासिनला मिळाला नाही. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरा, कारण त्या सकाळी तो खाणीत उतरला तेव्हा भिंतीचा विचार त्याच्या डोक्यातही नव्हता.

बायकोच्या कबरीसाठी दगड हवा होता. जानिलला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाच्या जेवणाचा मेंढा ठरला होता, सोयरे ठरले होते. दगड तेवढा नव्हता.

जानिलनं जन्मभर भूगर्भवाल्यांकडे दगडातले शिंपले निवडले. जाड, खडबडीत शिंपला म्हणजे उथळ पाणी, लाटांचा मार. कागदासारखा पातळ म्हणजे खोल, गाळ आणि अंधार. समुद्र लाखो वर्षं ओसरत गेला, तसे पातळ शिंपल्यांवर जाड शिंपल्यांचे थर बसले. चहा ओतता ओतता ती हे सांगायची आणि ओंदासिन 'हं' म्हणायचा. तिनं मागितलं एकदाच, दवाखान्यात.

"माझ्यावर खोल पाण्यातला दगड नको. मला पोहता येत नाही."

"अगं, समुद्र जाऊन कोटभर वर्षं झाली."

"तरी."

या 'तरी'पुढे बोलायचं नसतं, एवढं संसारात तो शिकला होता.

खाणीचा मुकादम मेर्गेन त्याच्याहून बराच लहान. "आगा, हा घ्या. लोण्यासारखा कापला जातो."

ओंदासिननं नखानं खरवडलं. पातळ. "खोल आहे."

"कसलं खोल? आपण उभे आहोत की त्यात. बुडालो का?"

"वरच्या थरातला दे."

"वरचा थर तुम्हीच कापून संपवलात, आगा. आमच्या वाट्याला तळ ठेवलात."

खरं होतं. अख्खा उथळ समुद्र ओंदासिनच्या करवतीखालून गेला होता. त्याबद्दल निवृत्त होताना त्याला एक घड्याळ मिळालं होतं. तेही आता बंद होतं.

गुडघे दुखत होते. त्यानं कापलेला दगड गावभर भिंतींत बसला होता; त्या भिंती चाचपत तो परत निघाला. हमामखान्याला गिलावा झाला होता, शाळेला फरश्या. पाणी कार्यालयाची मागची भिंत मात्र उघडी होती. गिलाव्याची मंजुरी अजून वाटेत होती. अंगठ्याएवढे जाड शिंपले, आणि त्यांवरून गेलेले त्याच्याच करवतीचे ओरखडे. तो भिंतीला टेकून बसला.

खिडकीतून कारकूनबाई रौशननं डोकं काढलं. "आगा, पाणी मंगळवारी येणार."

"पाणी नको. भिंत हवीय."

पाण्याच्या तक्रारी ऐकून ऐकून रौशनला आता कशाचंच नवल वाटत नसे. "सगळी?"

"एक दगड. चौथ्या ओळीतला."

"मग वरचे?"

"वरचे मी धरून उभा राहीन."

कशासाठी, ते तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. ती आत गेली, दूध घातलेल्या चहाचा वाडगा घेऊन आली आणि तो पिईपर्यंत शेजारी उभी राहिली.

"लेखी द्या," ती म्हणाली. "होणार काही नाही. पण शिक्का मी जोरात मारीन."

त्यानं लिहून दिलं:

'मा. प्रमुख, पाणी कार्यालय, यांस. आपल्या मागील भिंतीतील, खालून चौथ्या ओळीतला दगड अर्जदाराने स्वतः कापलेला असून तो उथळ पाण्यातला आहे. त्या जागी त्याच मापाचा खोल पाण्यातला दगड अर्जदार स्वखर्चाने बसवून देईल. आपल्या कार्यालयात पोहता येणारे असतील, अशी खात्री आहे. अर्जदाराच्या पत्नीस येत नाही. तरी सदर दगड वर्षाच्या जेवणाआधी मिळावा, ही विनंती.'