माझ्या पोटातली चिठ्ठी

मी बाक बोलतोय. मागच्या दाराने आत आलं की बूट काढायची जी अरुंद खोली आहे, तिथला. वर बसायची फळी, खाली पेटी, आणि फळी म्हणजेच पेटीचं झाकण. आपली गोष्ट सांगताना लोक छाती पुढे काढतात. मला छाती नाही, आणि असती तरी मी ती काढली नसती. मी सांगणार आहे ती लाजेची गोष्ट आहे. लाज एकट्या माझी नाही, पण माझा वाटा मी दुसऱ्यावर ढकलणार नाही.

जन्माआधी मी पाण्यात होतो. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी आमचं गाव आहे. तिथून अर्ध्या तासावर जंगलात एक लहान तळं आहे. त्या तळ्यावर आजोबांचं उन्हाळ्यात राहायचं लाकडी घर, आणि घरासमोर पाण्यात शिरलेला लाकडी धक्का. हिवाळ्यात तळं गोठतं आणि बर्फ धक्क्याच्या फळ्या काडीसारख्या मोडतो. म्हणून दर सप्टेंबरात धक्का तुकड्यातुकड्यांनी ओढून काठावर घ्यायचा, आणि मे महिन्यात परत पाण्यात लावायचा. बारा वर्षांपूर्वी आजोबांनी नवा धक्का बांधला, आणि जुन्याच्या धड उरलेल्या फळ्या तासून मला केलं. त्यांचं नाव आर्वो. घरात सगळे आजोबा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. खरं तर ते माझे बाप.

त्यांच्या मनात साधा बाक होता. झाकण आजीने सुचवलं. "पसारा दिसला की आपल्या ब्रिटाचं डोकं फिरतं," एल्मा आजी म्हणाली, "तिला आत टाकायला जागा करून द्या." मग बिजागऱ्या आल्या, आणि मला पोट मिळालं.

ब्रिटा ही त्यांची एकुलती एक लेक. गावातल्या शाळेच्या कचेरीत काम करते. कुठल्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाचे वडील वेगळे राहतात, कुणाची लस राहिली आहे, हे सगळं तिला तोंडपाठ. ती काही विसरत नाही असा तिचा गावात लौकिक आहे. तिचा नवरा रॉय मालवाहू जहाजावर काम करतो. मार्चमध्ये जातो, सरोवरं गोठली की जानेवारीत येतो. टेस चौदा वर्षांची, ओटो सातचा. एवढंच आमचं घर.

इथला उन्हाळा लहान असतो, म्हणून माणसं तो अधाशासारखी जगतात. तीन महिने माझ्या पोटात ओले टॉवेल, वाळूने भरलेल्या चपला, गळ, डासांचं मलम, फुगवायची बदकं. मग एका रविवारी, शाळा सुरू झाली की, आजी दोन टोपल्या घेऊन यायची. एका टोपलीत उन्हाळा भरायचा, दुसरीतून थंडीचे बूट आणि हातमोजे काढायचे. काम दुपारपर्यंत चालायचं, कारण आजी मधेच कॉफीला बसायची आणि ओटोला एकेक चप्पल दाखवून "ही पुढच्या वर्षी होईल का रे तुला?" म्हणून विचारायची. ब्रिटा म्हणायची, आई, किती हळू करतेस. आजी म्हणायची, ऋतू तरी कुठे पळतोय.

दोन हिवाळ्यांमागे आजी गेली. त्यानंतर टोपल्या कुणी आणल्या नाहीत.

यंदाचा ऑगस्ट संपता संपता ब्रिटाच्या अंगावर सगळं एकदम आलं. शाळेत नव्या मुलांचे अर्ज, घरी टेसच्या हॉकीची नावनोंदणी, ओटोचा चष्मा, सरपणाची अर्धी गाडी अंगणात तशीच पडलेली. परसातले टोमॅटो एकदम पिकलेले. सगळ्या खिडक्यांना थंडीच्या जाड काचा लावायच्या होत्या. तिने बेरीच्या मुरंब्यासाठी बरण्या आणून ठेवल्या आणि बेरी झुडपावरच सुकल्या. रॉयचा फोन आला की ती म्हणायची, सगळं छान चाललंय.

आणि माझं काम वाढलं. दारावर टकटक झाली की ब्रिटा एका हाताने बाकावरचं सगळं माझ्या पोटात लोटायची, झाकण लावायची, आणि हसून दार उघडायची. "किती नीटनेटकं ठेवतेस गं," बाया म्हणायच्या. मला तेव्हा अभिमान वाटायचा. हे कबूल केलं पाहिजे. मी तिची लाज झाकतो, म्हणजे मी तिचा भला मित्र, असं मला वाटायचं.

शाळा उघडल्याच्या आठवड्यातल्या गुरुवारी आजोबा आले. घरात कुणी नव्हतं. ते माझ्यावर बसले, वांग्यांची पिशवी खाली ठेवली, आणि खिशातल्या बियांच्या पाकिटाच्या मागे लिहायला लागले. पेन चालेना, म्हणून त्यांनी ते तीन-चारदा तळव्यावर घासलं. "ब्रिटा, शनिवारी धक्का काढायला येशील का? पाणी गार व्हायला लागलंय. घाई नाही." चिठ्ठी त्यांनी माझ्यावर मधोमध ठेवली आणि गेले.

तासाभराने ब्रिटा आली. खांद्यावरची पिशवी न उतरवता तिने चिठ्ठी वाचली. पूर्ण वाचली. तेवढ्यात समोरच्या ग्लेनिसने दार ठोठावलं. ग्लेनिस तीस वर्षं शाळेची बस चालवून घरी बसलेली, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. ब्रिटाने चिठ्ठी, टॉवेल, सनस्क्रीन, अर्ज, सगळं एका हातात गोळा केलं आणि आत टाकलं. "उद्या फोन करते बाबांना," ती पुटपुटली. झाकण मिटलं आणि चिठ्ठी माझ्या पोटात राहिली.

उद्या झाला नाही. पहिल्या शनिवारी हॉकीचं होतं. दुसऱ्या शनिवारी तिने निघायची तयारी केली. मुलांना सांगितलं, मी आजोबांकडे चाललेय. खोलीत आली, कोटाची एक बाही घातली, माझ्यावर बसली आणि बसूनच राहिली. दुसरी बाही घालायची होती, बूट घालायचे होते, पण कुठला पाय आधी हे तिला ठरवता येईना, असं काहीतरी झालं होतं. चाळीस मिनिटं. मी वजन ओळखतो, त्या दिवशी ती दुप्पट जड होती. मग तिने कोट काढला आणि आत जाऊन मुलांना म्हणाली, आजोबा आज घरी नाहीत.

तिसऱ्या शनिवारी आजोबा एकटेच पाण्यात उतरले.

तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, या खोलीत लोक बोलले त्यावरून सांगतो. छातीपर्यंतची रबरी पँट घालून त्यांनी दोन तुकडे ओढले. तिसऱ्याला पाय घसरला, फळी घोट्यावर आली आणि ते कमरेएवढ्या पाण्यात अडकले. ओरडायला माणूस नव्हता. पलीकडच्या काठावर मासे धरणाऱ्या एकाला टोपी हलताना दिसली. त्याने होडी आणून त्यांना बाहेर काढलं तेव्हा अर्धा-पाऊण तास झाला होता. घोटा दोन ठिकाणी मोडला होता आणि अंग निळं पडलं होतं. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "चिठ्ठी मिळाली नाही का गं?"

आणि ब्रिटा म्हणाली, "कुठली चिठ्ठी?"

हे मला कसं कळलं? घरी आल्यावर ती माझ्यावर बसून तेच दोन शब्द स्वतःशी म्हणत होती. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या सुरात, जणू त्यातला एखादा सूर खरा निघेल. चिठ्ठी तिच्या खाली वीतभर अंतरावर होती. मला झाकण उचलता येत नाही. पण आलं असतं तरी त्या वेळी मी उचललं असतं का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

ऑक्टोबर लागला तसे आजोबा आमच्याकडे राहायला आले. पायाला प्लास्टर, हातात धरून चालायची चौकट. दुपारी ते माझ्यावर बसून अंगणातली पानं बघायचे. बापाला अंगावर घेऊन बसायला मला एरवी आवडलं असतं. पण त्या दिवसांत ते बसले की मला वाटायचं, उठा, इथे नका बसू.

एकदा टेस शाळेतून आली तेव्हा ते तिला सांगत होते. "मला आठवतंय पोरी. पेन चालत नव्हतं, मी तळव्यावर घासलं. पण तुझी आई म्हणते चिठ्ठी नव्हतीच. म्हणजे मला स्वप्नच पडलं असणार. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं." मग त्यांनी डॉक्टरांना तसं सांगितल्याचं कळलं. स्मरणाच्या तपासणीची तारीख पडली. त्याच संध्याकाळी माझ्यावर बसूनच त्यांनी गाडीची किल्ली काढून ब्रिटाच्या हातात ठेवली, आणि तळ्यावरचं घरही आता विकून टाकावं म्हणाले. "उगाच कुणाला तरी धडकायचो," ते म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले.

ब्रिटाने किल्ली घेतली. किल्ली हातात धरून ती उभी राहिली, आणि मग आजोबांना म्हणाली, "बाबा, जरा उठता?"

तिने झाकण उघडलं. जो वास आला त्याबद्दल मी काय बोलू. दोन महिने मिटलेले ओले टॉवेल काळे पडले होते. एक पीच सडून माझ्या तळाला चिकटलं होतं. कोपऱ्यात बुरशी धरली होती. माझ्या आतलं सगळं असं माझ्याच बापासमोर उघडं पडलं. ती गुडघ्यांवर बसून एकेक काढत गेली. पाकीट हाती लागलं तेव्हा ते ओलसर होतं, पण अक्षरं शाबूत होती.

"ही," ती म्हणाली.

आजोबा बराच वेळ वाचत राहिले. दोन ओळींना एवढा वेळ लागत नाही.

"म्हणजे मी लिहिली होती."

"हो."

"आणि तुला मिळाली नव्हती."

"मिळाली होती. त्याच दिवशी. मी वाचली आणि आत टाकली. दवाखान्यात मी खोटं बोलले, बाबा."

मला वाटलं होतं, आजोबा तिच्या डोक्यावरून हात फिरवतील. तसं झालं नाही. त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "तीन आठवडे," ते म्हणाले, "रोज सकाळी जाग आली की मी वारांची नावं उलटी म्हणून बघतोय. चुकतो का ते बघायला." त्यांनी तिच्या हातातून किल्ली घेतली, चौकट सावरली आणि आपल्या खोलीत गेले. जेवायला आले नाहीत. ब्रिटा माझ्या उघड्या पोटापाशी जमिनीवर बसून राहिली. टेस येऊन दारात उभी राहिली होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. ब्रिटाने तिला जायला सांगितलं नाही. मुलीसमोर ती लाज तशीच अंगावर राहू दिली. मला वाटतं, त्या दिवसभरातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा स्क्रू काढायचा पेचकस घेऊन आले. एका पायावर भार देत त्यांनी माझ्या बिजागऱ्या सोडवल्या आणि झाकण भिंतीला टेकवलं. आतून मला सोड्याच्या पाण्याने घासलं. काम करता करता, ब्रिटाकडे न बघता बोलले.

"फोन करायला हवा होता मी."

"मी केला असता तर..."

"ऐकून घे. माझ्याकडे फोन आहे, तुझा नंबर पाठ आहे. तरी चिठ्ठी लिहिली, आणि वर घाई नाही असं लिहिलं. घाई होती. तुझी अवस्था दिसत होती मला. तुझ्या आईने दोन वाक्यांत विचारलं असतं. मला लाज वाटली." फडकं पिळून ते थांबले. "पण ते खोटं तू बोललीस. ते विसरायला मला वेळ लागेल."

"हो," ब्रिटा म्हणाली.

मग ती माझ्या काठावर, लाकडाच्या अरुंद कडेवर बसली आणि तिने समोरच्या घरात फोन लावला.

"ग्लेनिस, मला जमत नाहीये."

ग्लेनिसचा आवाज मलाही ऐकू आला. "काय जमत नाहीये?"

"काहीच."

"कधीपासून?"

"जुलैपासून."

"मग जुलैतच नाही का सांगायचं, बये? येते. चूल विझवते आणि येते."

एवढंच. गाव कोसळलं नाही.

त्या रविवारी त्यांनी टेबलाभोवती बसून ठरवलं, यंदा काय काय करायचं नाही. मुरंबा नाही. काचा फक्त उत्तरेच्या दोन खिडक्यांना. टेस स्वतःच म्हणाली, हॉकी मला सोडायचीच होती, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. ग्लेनिसने दोन भाच्यांना घेऊन अर्धा धक्का काढला, उरलेला अर्धा बर्फाला दिला. रॉयचा फोन आला तेव्हा ब्रिटाने सगळं छान चाललंय असं म्हटलं नाही. तपासणीला आजोबा गेले, ब्रिटाही गेली, आणि डॉक्टरांना तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की चूक कुणाच्या डोक्याची होती.

आता बाहेर नोव्हेंबर आहे. माझं झाकण भिंतीलाच टेकलेलं आहे. कुणी बसवलं नाही, कुणी मागितलंही नाही. पाय दुखला की आजोबा एक फळी आडवी टाकून बसतात. रविवारी ब्रिटा आणि ओटो माझ्यातून चार वस्तू काढतात, चार ठेवतात. चारच. ओटोला उन्हाळ्याच्या चपला बाहेर हव्या आहेत, तर त्या राहिल्या आहेत, बर्फाच्या बुटांशेजारी. आजोबा अजून कधी कधी ब्रिटाशी जरा तुटक बोलतात. ती ऐकून घेते.

येणारा-जाणारा माझ्यात डोकावतो. काल एक बाई आली, आतला चिखलाचा मोजा आणि अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा तिने बघितला. मला शरम वाटली. ब्रिटालाही वाटली असणार, तिचे कान लाल झाले. तरी तिने हाताने काही झाकलं नाही. "या," ती म्हणाली, "पसारा आहे, पण या."

तुमच्याही दाराशी माझ्यासारखा एखादा असेल. त्याला फार चांगला मित्र समजू नका. आम्ही मागाल ते झाकतो, आणि कुणाला सांगत नाही.