फाटक बंद?

सहाला दहा मिनिटे कमी असताना सालोमीने चाक फिरवून फाटक खाली घेतले, कुलूप लावले, हिरवा झेंडा उलगडला आणि फोनची वाट पाहत उभी राहिली. वसई-दिवा मार्गावरच्या या फाटकावर बावीस वर्षे तिचा दिवस असाच उगवत होता. स्टेशनवरून विचारत, "फाटक बंद?" ती म्हणे, "बंद." त्या एका शब्दावर गाडी सुटे.

आज फोन वाजला नाही. गाडी मात्र आली. ड्रायव्हरने शिट्टी द्यावी म्हणून असलेली पाटी कालच उपटून नेली होती; गाडी गुमान निघून गेली. सालोमीचा झेंडा वरच राहिला.

तिने खिशातला कागद पुन्हा वाचला : 'पूल खुला झाल्याने सदर फाटक आजपासून कायमचे बंद.' तिला वाटले होते, बंद म्हणजे खाली. खाली ठेवायचे, तर राखायला माणूस हवाच.

"उघड गो बाय." नरहरी सायकलवर शेणखताची दोन पोती लादून उभा होता.

"थांब दादा, उघडायला स्टेशनकडून परवानगीचा नंबर घेते."

तिने स्वतःच फोन लावला. "कसला नंबर, बाई?" स्टेशनवरचा माणूस म्हणाला. "ते फाटक आता नोंदीतच नाही."

"मग मी बंद म्हणू की उघडं?"

"काहीच म्हणू नका. दुपारी माणूस येईल, त्याला चावी नि झेंडे द्या."

"काय बोलला?" नरहरीने विचारले.

"फाटक नाहीच म्हणतो."

"मंग ह्यो काय, लग्नाचा मांडव हाय? रूळ आलं तवा बापाचं शेत पलीकडं गेलं. सायेब बोल्ला, फाटक देतो, मानूस देतो. तुजा नवरा लेस्ली पयला मानूस. तो गेला, मंग तू. आता वीस पावलांवरच्या शेताला पुलावरनं अर्धा तास. उघड, कोन बघतो?"

सालोमीने चावी कुलपात घातली. नोंदीत नसलेल्या फाटकाला नियम कुठला? पण गाडी तर आली होती. तिला काही उलगडेना. चावी तिने फिरवली नाही.

"गाडी बघत नाही, दादा. म्हणून तर मी होते."

तिने चावी काढून खोलीतल्या खिळ्याला अडकवली, झेंडे गुंडाळून टेबलावर ठेवले, दार ओढून घेतले. मग सायकलमागे येऊन पोत्यांना दोन्ही हात लावले.

"तू कुठं?"

"पुलाला चढ आहे."

नरहरीने हँडल वळवले. ती मागून ढकलू लागली.